खरूज झालेला कबड्डी संघ

शिकत असताना मी खरजेचा किडा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. मोठ्या शहरातल्या त्या कॉलेजात येणारे रुग्ण आधीच गल्लीतल्या दुकानांतली नाना मलमं फासून आलेले असत. आमच्या शिक्षकांना दुर्मीळ आजारांची ओढ होती आणि त्यांच्यामुळे आम्हालाही. खरूज परीक्षेत कोणी विचारलीच, तर दोन ओळींत सांगून मोकळं व्हायचं.

मग गडचिरोलीच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची डॉक्टर म्हणून माझी नेमणूक झाली. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. वैनगंगा ओलांडली की पोरगी घरी, म्हणून आई खूश होती. पहिल्या सोमवारी मी आमच्या विभागाच्या दारात उभी राहिले आणि बघतच राहिले. बाकांवर, व्हरांड्यात, पायऱ्यांवर माणसं बसली होती आणि जवळजवळ सगळीच खाजवत होती. कोणी बोटांच्या बेचक्यात, कोणी काखेत, कोणी पाठ भिंतीला घासत. कडेवरची बाळं आईच्या पदरावर तळपाय घासत होती.

"कुठं खाज येते?" असं विचारायच्या आधीच हात पुढे यायचे. एका खोलीत पाळीपाळीनं एकाच गादीवर झोपणारे सूरजागडच्या लोहखाणीवरचे ट्रक ड्रायव्हर. पोलीस भरतीसाठी एका भाड्याच्या खोलीत दाटीवाटीनं राहणारी पोरं. वसतिगृहातल्या मुली. कुष्ठरोग झाला असं समजून घरातली ताटवाटी वेगळी करून बसलेले एक म्हातारे बाबा आले होते. "बाबा, ही खरूज आहे, आठवड्याभरात जाईल," म्हटल्यावर ते टेबलावर हात आपटून असे हसले, की बाहेरची माणसं डोकावून पाहायला लागली.

आमच्या सिस्टर त्या खोलीत माझ्या कितीतरी आधीपासून होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, खरूज नसलेला पेशंट आला तं मले आवाज द्याजा. मी पाहायले येतो."

पण मला कंटाळा आला नाही. उलट एक वेगळाच हुरूप चढला. पहिल्याच महिन्यात एका ड्रायव्हरच्या मनगटावर, बारीक वाकड्या रेघेच्या टोकाशी मी तेलाचा थेंब टाकला, ब्लेडनं हलकेच खरवडलं, काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पारदर्शक, गोलमटोल, आखूड पायांचा तो किडा चक्क चालत होता. मी ओरडलेच. ड्रायव्हर दचकून उभा राहिला. त्या दिवसापासून आमचा जुना सूक्ष्मदर्शक खिडकीजवळच्या टेबलावर कायमचा मांडला गेला.

त्याच हिवाळ्यात, धान कापणी आटोपल्यावर, एका शनिवारी एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुली आल्या. सगळ्यांच्या अंगात निळे ट्रॅकसूट, आणि खनिजाच्या ट्रकांमागून आल्यामुळे केसांवर लाल धूळ. बरोबर त्यांच्या खेळाच्या शिक्षिका होत्या. खणखणीत आवाजाच्या, चालतानाही धावल्यासारख्या चालणाऱ्या.

"कबड्डीचा संघ हाय डॉक्टर मॅडम," त्या खुर्चीवर न बसताच म्हणाल्या. "काल आमचा सामना होता. पोरी मैदानात उतरल्या, अन् समोरच्या संघाची कॅप्टन म्हणते, याईले खरूज हाय, आमी याईले हात नाई लावत. पंच आले, पोरीईचे हात पाहिले. म्हणे, जा, बऱ्या होऊन या."

"मग?"

"मंग काय? आलो वापस. गाडीत एक बी पोरगी बोलली नाई. मी म्हटलं, अरे रडा तरी. तं रडल्या बी नाई."

मुली एका ओळीत उभ्या होत्या. संघाची कॅप्टन सगळ्यात उंच, काळीसावळी, लांब हातांची. तिनं ट्रॅकसूटच्या बाह्या ओढून बोटं झाकून घेतली होती.

"पुढच्या रविवारी ब्रह्मपुरीले खुली स्पर्धा हाय," शिक्षिका पुढे म्हणाल्या. "दोन्ही जिल्ह्यातले संघ येते. अन् पहिलाच सामना त्याच संघाशी हाय."

तेव्हा कॅप्टन पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न पाहता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत.

"रविवारपर्यंत बरं होते का?"

मी खरं ते सांगितलं. औषध नीट लावलं तर किडे एका रात्रीत मरतात. पण मेलेल्या किड्यांमुळेही कातडी काही आठवडे खाजत राहते. पुरळही लगेच जात नाही. हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. शिक्षिका प्रथमच खुर्चीवर बसल्या.

आता समजावून सांगण्यापेक्षा दाखवावं, असं मला वाटलं. मी कॅप्टनला खिडकीशी बोलावलं. तिनं नाइलाजानं बाही वर केली. दोन बोटांच्या मधे मला हवी तशी रेघ दिसली. तेलाचा थेंब, ब्लेड, काच. मी आधी स्वतः पाहिलं, आणि मग तिला म्हटलं, "पाहा."

ती वाकली. बराच वेळ हललीच नाही. मला वाटलं, तिला दिसत नसावं. मी विचारणार तेवढ्यात ती किंचाळली.

"मॅडम! हा तं केकडा हाय!"

झालं. मुली टेबलावर तुटून पडल्या. "मले पाहू दे", "सरक नं थोडी", आणि मधेच त्यांच्या माडिया बोलीत भराभर काहीतरी. त्यांचा गलका ऐकून बाहेरचे रुग्ण आत आले. कडेवरच्या लेकराला घेऊन एक बाई, दोन ड्रायव्हर, काठी टेकत एक आजोबा. सिस्टर दारात हात पसरून "बाहेर थांबा, बाहेर थांबा" म्हणत राहिल्या, पण त्यांचं कोण ऐकतं! कॅप्टननं सूक्ष्मदर्शकाचा ताबाच घेतला. मघाशी भिंतीकडे पाहणारी ही पोरगी आता टेबलापाशी उभी राहून माणसांना हाकत होती, "धक्का नका देऊ, एकेकानं पाहा. आजोबा, एक डोळा बंद करा. दिसला का? चालून राह्यला नं?"

आजोबांनी मान वर केली. "एवढूसा हाय अन् एवढी खाज?"

"माह्या हातातला हाय," कॅप्टन म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

गर्दी पांगल्यावर ती पुन्हा माझ्याकडे वळली. "मॅडम, हा माह्या हातातला, तं हिच्या हातात बी असन का?" तिनं शेजारच्या मुलीकडे बोट दाखवलं.

"तुम्ही रात्री झोपता कशा?"

सगळ्या हसायला लागल्या. "थंडी वाजते नं मॅडम. दोघी-दोघी, तिघी-तिघी एका ब्लँकेटात."

"मंग माह्याजवळून हिच्याजवळ, हिच्याजवळून तिच्याजवळ," कॅप्टन स्वतःशीच म्हणाली. मग एकदम, "म्हंजे आमी सातआठ जणीईनं लावून काईच नाई होत! पूर्ण होस्टेललेच लावा लागते. एकाच दिवशी!"

मी टेबलावर थाप मारली. हेच मी रोज प्रत्येक घराला सांगत होते. एकाला औषध, बाकीचे तसेच, आणि मग पंधरा दिवसांनी तेच माणूस पुन्हा रांगेत. आणि इथे एक शाळकरी पोरगी उभ्या उभ्या सगळा हिशेब मांडून मोकळी झाली होती.

औषध भांडारातले भाऊ माझी मागणी ऐकून चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिले. "मॅडम, एवढं मलम? तुमी काय भिंती रंगवता का?" मी त्यांना कबड्डीची सगळी गोष्ट सांगितली. ते उठले. आत गेले आणि खोकी काढायला लागले. जीपमध्ये खोकी त्यांनी स्वतःच चढवली, आणि जाताना म्हणाले, "सामन्यात काय झालं ते मले बी सांगजा."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी सिस्टर आणि मी आश्रमशाळेत पोचलो. शिक्षिकेनं काम आधीच सुरू केलं होतं. आवारात दगडांच्या चुली मांडून मोठाले गंज चढवले होते आणि त्यात कपडे उकळत होते. मुली काठ्यांनी ते ढवळत होत्या. ब्लँकेटं कुंपणावर, छपरावर, व्हॉलीबॉलच्या जाळीवर, सागाच्या झाडांच्या फांद्यांवर टाकलेली. दुरून पाहणाऱ्याला कसली तरी जत्रा आहे असंच वाटलं असतं. धाकट्या वर्गातल्या मुली ब्लँकेटांच्या खालून पळापळी करत होत्या. आणि मधे कॅप्टन, कमरेला ओढणी बांधून, सगळ्यांवर ओरडत.

दुपारी सगळ्यांना अंगणात बसवून मी औषध कसं लावायचं ते सांगायला उभी राहिले. दोन वाक्यं झाली नसतील, कॅप्टननं हात वर केला.

"मॅडम, मी माडियात सांगू का? बारक्या पोरीईले मराठी जमत नाई."

ती उभी राहिली. मला भाषा कळत नव्हती, पण ती हातांनी सगळं दाखवत होती. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या मधे, नखांखाली, बेंबीत. मग तिनं दोन्ही हातांची बोटं वाकडी करून केकड्यासारखं चालून दाखवलं. मुली हसून हसून एकमेकींवर पडल्या.

स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "मले नाई खाज, मले काऊन लावता?"

"तरी बी लावा मावशी," कॅप्टन म्हणाली. "तुमच्या अंगात लपून बसला तं आमाले पुन्हा होईन."

मावशींनी नाक मुरडत ट्यूब घेतली. चौकीदारानंही घेतली आणि कोणी पाहत नाही ना, हे पाहत आपल्या खोलीत शिरून कडी लावली.

संध्याकाळी जेवणं लवकर झाली. दारं-खिडक्या बंद करून मुली आत गेल्या. आतून आधी किंचाळ्या आल्या, मलम गार होतं. मग हसणं. "पाठ राहिली, पाठ!" "कानामागं लाव!" "अगं, किती लावतेस, मी दही झाली!" कोणीतरी रेलाचं गाणं सुरू केलं, आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. मी आणि सिस्टर शिक्षिकांच्या खोलीत एकमेकींच्या पाठीला मलम लावत होतो, कारण दिवसभर आम्हीही त्या पोरींमधेच वावरलो होतो. सिस्टर म्हणाल्या, "इतक्या वर्षाची नोकरी झाली मॅडम, पण डॉक्टरच्या पाठीले मलम पहिल्यांदा लावून राह्यली." आम्ही दोघीही पोट धरून हसलो. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी एकटीच काहीतरी गुणगुणत होते.

बुधवारी शिक्षिकेचा फोन आला आणि माझा सगळा आनंद ओसरला.

"मॅडम, खाज तं हायच! पोरी म्हणते, औषध बेकार हाय. कॅप्टन तं जेवली बी नाई."

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं ना, खाज राहते." पण फोन ठेवल्यावर मलाच राहवेना. एखादं ब्लँकेट राहिलं असेल तर? मावशींनी ट्यूब तशीच फडताळात ठेवली असेल तर? नखांखाली लावलंच नसेल तर? गुरुवारी मी सुट्टी टाकली, सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळून मांडीवर घेतला आणि पुन्हा निघाले. रस्ताभर ट्रकांमागे थांबत थांबत. खड्डा आला की पेटी छातीशी धरायची.

व्हरांड्यात टेबल मांडलं. संघातल्या एकेका मुलीला बसवून मी भिंगानं हात तपासले, जिथे शंका आली तिथे खरवडून पाहिलं. शाळा सुटली होती, सगळं वसतिगृह आमच्याभोवती उभं होतं. पहिली काच, काही नाही. दुसरी, एक रिकामं कवच. तिसरी, काही नाही. कॅप्टन शेवटी बसली. तिच्या हाताची खूण मला पाठ होती. मी तीच जागा, तिच्या आजूबाजूची जागा, दुसरा हात, मनगट, सगळं पाहिलं. काचेवर एक किडा होता. मेलेला, पाय दुमडलेला. मी खूप वेळ पाहत राहिले. तो हलला नाही.

"पाहा," मी तिला म्हटलं.

तिनं डोळा लावला. "हा चालत नाई."

"नाही."

"मेला?"

"मेला!"

तिनं दोन्ही हात वर केले आणि अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. मुलींनी तिला उचललं. शिक्षिका डोळे पुसत मला म्हणाल्या, "आता दोन दिवस सराव करून घेतो मॅडम. तुमी रविवारी याच."

मी जाणारच होते. औषध एका आठवड्यानं पुन्हा लावायचं असतं, आणि तो दिवस रविवारच होता. दुसऱ्या वेळेची खोकी मी त्यांना मैदानावरच द्यायचं ठरवलं.

ब्रह्मपुरीच्या त्या मैदानावर मी लहानपणी दंडारीचं लोकनाट्य पाहायला जायची. त्या रविवारी तिथे मंडप, लाउडस्पीकर, आलूबोंड्याच्या गाड्या, कुंपणावर झाडीपट्टीच्या नाटकांची रंगीत पोस्टरं. सिस्टर माझ्याबरोबर आल्या होत्या, आणि माझी आई शेजारणीला घेऊन आली होती. "खरजेची डॉक्टर मैदानात काय करते ते पाहू दे," म्हणाली.

पंचांनी पुन्हा हात पाहायला मागितले. पुरळ सुकत आला होता, पण दिसत होता. मी पुढे झाले. "मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. या मुलींचं औषध झालंय. गुरुवारी मी स्वतः तपासलंय, एकीच्याही अंगावर जिवंत किडा नाही." पंच डोकं खाजवत विचार करत होते, तेवढ्यात समोरच्या संघाची कॅप्टन पुढे आली. धानपट्ट्यातल्या एका वसतिगृहाचा तो संघ. ही मुलगी बुटकी, भक्कम, पकडीसाठी नावाजलेली.

"पण दिसते तं हाय अजून," ती म्हणाली. तिनं हाताची घडी घातली होती. बोलता बोलता तिचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बेचक्यात गेला आणि तिथेच घासत राहिला.

माझं लक्ष त्या अंगठ्यावर खिळलं. मग मी तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलींकडे पाहिलं. एक मनगट खाजवत होती. एक कमरेचा नाडा सैल करून आत बोटं घालत होती.

मी तिला म्हटलं, "जरा इकडे येतेस? एकटीच ये." मंडपामागे पत्र्याच्या शेडच्या आडोशाला आम्ही दोघीच गेलो. मी विचारलं, "रात्री झोप येते का?"

तिनं हात पाठीमागे घेतले. "तुमाले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. हात दाखव."

तिनं हात पुढे केले आणि तिचे डोळे भरून आले. "दिवाळीपासून हाय मॅडम. बाजारातली ट्यूब लावतो, कमी होते, पुन्हा येते. त्या दिवशी मले वाटलं, पंचाईनं सगळ्याईचे हात पाहिले तं? म्हणून मीच आधी त्याईचं नाव घेतलं." मग हळूच, "आता मले बी बाहेर काढता का?"

"नाही. एकमेकींना क्षणभर धरलं म्हणून सहसा लागत नाही. एका पांघरुणात रात्र रात्र झोपलं की लागते. पण त्या मुली नुकत्याच बऱ्या झाल्यात. त्यांना ठाऊक असायला हवं. सांगू का मी?"

ती नाक पुसत उभी राहिली. "नको. मीच सांगतो."

ती सरळ आमच्या कॅप्टनकडे चालत गेली. मी मागेच थांबले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फक्त दिसलं. आमच्या कॅप्टनचा चेहरा आधी दगडासारखा झाला. तिचा जबडा आवळला. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, आणि तिनं बोलावं असंही मला कुठेतरी वाटलं. मग तिनं त्या मुलीचा हात धरला, उन्हाकडे वळवला, अगदी मी दवाखान्यात वळवला होता तसा, आणि डोळे बारीक करून पाहायला लागली. मी जवळ गेले.

"हे पाह्य, इथी. ही वाकडी रेघ दिसते नं? याच्या टोकाशी बसून हाय तो." मग तिनं हात सोडला. "पहिले खेळून घेऊ. मंग सांगतो तुले काय करा लागते."

पंचांना मी थोडक्यात सांगितलं, की दोन्ही संघ खेळू शकतात, जबाबदारी माझी. शिट्टी झाली.

मी आयुष्यात कधी कबड्डी इतकी जीव मुठीत धरून पाहिली नव्हती. त्या बुटक्या मुलीनं आमच्या पहिल्या दोन चढाया घोट्याला धरून जागच्या जागी संपवल्या. लोक ओरडत होते. आमच्या कॅप्टननं तिसऱ्या चढाईत दोघींना बाद केलं. एक लोण त्यांच्यावर, एक आमच्यावर. मध्यंतराला बरोबरी. शिक्षिका मैदानाच्या कडेनं पळत होत्या, मी त्यांच्यामागे. माझी आई खुर्चीवर उभी राहिली होती, "धर तिले, धर!" आणि ती नेमकं कोणत्या संघाला सांगत होती ते तिलाही माहीत नसावं.

शेवटच्या चढाईला आमची कॅप्टन गेली. एका गुणाचा फरक, आम्ही मागे. तिचा दम ऐकू येत होता, "कबड्डी कबड्डी कबड्डी," बारीक, सलग. तिनं डावीकडच्या मुलीला हात लावला, वळली, आणि त्या बुटक्या मुलीनं झेप घेऊन तिचा घोटा धरला. मागून आणखी एकीनं कंबर धरली. तिघी आडव्या पडल्या. धूळ उडाली. आमची कॅप्टन त्या दोघींना ओढत ओढत सरकत होती, दम चालू होता, आणि तिचा लांब हात मध्यरेषेकडे जात होता. बोटं रेषेपासून वीतभर. मग चार बोटं. मग टेकली.

पंचांचा हात वर गेला, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. मी सिस्टरना मिठी मारली, शिक्षिकेनं मला, आणि कोणाची तरी चप्पल माझ्या खांद्यावर येऊन पडली.

त्या स्पर्धेचा चषक आम्हाला मिळाला नाही. दुपारी जिवतीकडच्या मुलींनी आम्हाला सपाटून हरवलं. डोंगरात वाढलेल्या त्या पोरी जागच्या हलतच नव्हत्या. पण तोवर आमच्या मुलींचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. मंडपाच्या सावलीत हरलेले दोन्ही संघ गोल करून बसले होते. आमच्या कॅप्टनच्या एका हातात आलूबोंडा, दुसऱ्या हातानं ती सांगत होती.

"मानेपासून पायापर्यंत. जिथी खाजते तिथीच लावलं तं काई उपयोग नाई. अन् ज्याईले खाज नाई त्याईनं बी लावा लागते. ब्लँकेट उन्हात. कपडे उकळत्या पाण्यात. अन् बाजारातली ट्यूब फेकून दे, त्यानं दबून राहते अन् वाढते. मंग खाज थांबणार नाई, तुमी म्हणसान औषध बेकार हाय. बेकार नाई! तो मेलेला असते, मी डोळ्यानं पाहिला."

"डोळ्यानं?" बुटक्या मुलीनं विचारलं.

"सोमवारी दवाखान्यात ये. तुह्या हातातला बी दाखवते मॅडम."

माझ्या शेजारी पंच उभे होते. ते बराच वेळ ऐकत होते. मग खाली वाकून, आवाज बारीक करून म्हणाले, "मॅडम, हे मोठ्या माणसाईले बी होते का?" आणि कोपर खाजवायला लागले.

सोमवारी दवाखान्याच्या फाटकाशी एक बस येऊन थांबली. त्या बुटक्या मुलीचं अख्खं वसतिगृह उतरलं. मुली, त्यांच्या अधीक्षक बाई, स्वयंपाकी, सगळे. त्यांच्या मागून मोटारसायकलवर पंच, पुढे एक लेकरू, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरं. सिस्टर कमरेवर हात ठेवून पायऱ्यांवर उभ्या होत्या.

"मॅडम, आता याईले कुठी बसवू?"

आम्ही बाक बाहेर काढले आणि चिंचेखाली मांडले. तरीही रांग फाटकापर्यंत गेली आणि ढकलाढकल सुरू झाली. तेव्हा पंचांनी लेकरू बायकोकडे दिलं, खिशातून शिट्टी काढली आणि जोरात वाजवली. सगळी रांग एकदम सरळ झाली. मी हात धुतले आणि पहिल्या मुलीला आत बोलावलं.